स्टेट बघून काम सुरू करायचं, की काम करून स्टेट बदलायची? (कोटलिन कोरूटीन्स)

टिचकी:
नमस्कार मंडळी. अँड्रॉइडवर कंपोजमध्ये (कोटलिनमधून स्क्रीन बांधायचं साधन) एक साधी स्क्रीन आहे. वर शोधायची चौकट, खाली यादी, यादी खाली ओढली की रिफ्रेश, आणि तळाशी 'सेव्ह'चं बटण. व्ह्यूमॉडेलमध्ये (स्क्रीनची माहिती आणि कामं सांभाळणारा क्लास) एकच म्यूटेबल स्टेटफ्लो (आत्ताची किंमत धरून ठेवणारा आणि ती बदलली की कळवणारा), त्यात एक मोठा डेटा क्लास: शोधशब्द, यादी, रिफ्रेशिंग, सेव्हिंग, एरर, सगळं त्यातच.

टीममधल्या एका सीनियरचं ठाम मत आहे की स्टेट हेच एकमेव सत्य. म्हणून स्क्रीनने फक्त स्टेट बदलायची, बाकी काही करायचं नाही. इनिट ब्लॉकमध्ये (व्ह्यूमॉडेल बनताना चालणारा कोड) आम्ही तीच स्टेट कलेक्ट करतो, म्हणजे ऐकत राहतो: 'रिफ्रेशिंग' ट्रू दिसलं की नेटवर्क कॉल लाँच (म्हणजे कोरूटीनमध्ये, मध्येच थांबून पुन्हा सुरू होऊ शकणाऱ्या कामात), 'सेव्हिंग' ट्रू दिसलं की सेव्ह लाँच, शोधशब्द बदलला की शोध लाँच. दिसायला फार देखणं आहे. पण:

एक, सेव्ह चालू असताना कुणी चौकटीत टाइप केलं तर सर्व्हरवर तीच नोंद दोनदा, कधी तीनदा पडते. दोन, नेट जाऊन एरर आली की त्यानंतर रिफ्रेश मुका होतो, कितीही ओढा. तीन, भराभर टाइप केलं की कधीकधी जुन्या शब्दाचे निकाल नव्यावर येऊन बसतात.

ही रचनाच चुकीची आहे की आमचा कोड? कोड चिकटवत नाही, कारण ऑफिसचा आहे. शब्दांत काय हवं ते सांगते.

खटपट्या:
बटण दाबलं ही घटना आहे, स्थिती नाही. विषय संपला.

अर्धविराम:
खटपट्या यांचं बरोबर आहे, पण विषय संपला नाही. :) तिन्ही लक्षणांचं मूळ एकच आहे, ते नीट बघू.

स्टेटफ्लो 'काय झालं' ते सांगत नाही, 'आत्ता काय आहे' ते सांगतो. त्याला दोन सवयी आहेत. नवी किंमत जुनीशी इक्वल्सने सारखी निघाली तर तो कुणाला काही कळवत नाही. आणि कलेक्टर हळू असेल तर मधल्या किमती गाळून फक्त शेवटची हातात देतो. चित्र काढायला हे अगदी योग्य. काम सुरू करायला नाही.

तुमचं दुसरं लक्षण घ्या. एररच्या वाटेवर 'रिफ्रेशिंग' फॉल्स करायचं राहून गेलं असणार. पुढच्या वेळी ओढल्यावर तुम्ही ट्रूवर ट्रू लिहिता. डेटा क्लास जसाच्या तसा, म्हणून फ्लो गप्प. तो फ्लॅग फायनली ब्लॉकमध्ये खाली आणलात तर तेवढं सुधारेल.

पहिलं लक्षण जास्त गंभीर आहे. स्टेट एकच मोठी असल्यामुळे त्यातलं काहीही बदललं की पूर्ण वस्तू पुन्हा कलेक्टरकडे येते. सेव्ह चालू आहे, 'सेव्हिंग' ट्रू आहे, आणि युजरने एक अक्षर टाइप केलं. कलेक्टरला नवी स्टेट मिळाली, तिच्यातही 'सेव्हिंग' ट्रूच. त्याने पुन्हा सेव्ह लाँच केलं. अक्षरागणिक एक सेव्ह!

टिचकी:
अरे देवा. म्हणजे हळू टाइप करणाऱ्यांमुळे आम्ही वाचलो होतो.

मिस्किलमांजर:
हळू टाइप करणारे युजर हे फार जुनं आणि भरवशाचं फ्रेमवर्क आहे.

बोरूबहाद्दर:
थोडा विरोध नोंदवतो. 'स्टेट बघून काम सुरू करू नये' हा सरसकट नियम मला पटत नाही. शोधशब्द ही स्थितीच आहे ना? आणि निकाल त्या शब्दावरच अवलंबून आहेत. मग शब्दापासून निकाल काढणं यात गैर काय?

गैर आहे ते कलेक्टच्या आत हातानं लाँच करणं. शोधशब्दाचा स्टेटफ्लो वेगळा ठेवा, त्यावर डिबाउन्स (टाइप करणं थोडं थांबेपर्यंत वाट बघणारा) लावा, मग फ्लॅटमॅपलेटेस्टमध्ये रिपॉझिटरीला (डेटा आणून देणारा भाग) विचारा, आणि शेवटी स्टेटइन (निकालाचा पुन्हा स्टेटफ्लो करणारा). इनिट ब्लॉकची गरजच उरत नाही. नवा शब्द आला की फ्लॅटमॅपलेटेस्ट आधीचं काम कॅन्सल करतो, त्यामुळे तिसरं लक्षण आपोआप जातं. आत्ता तुमच्या दोन लाँचची शर्यत लागते आहे आणि जो उशिरा पोचतो तो जिंकतो.

दोन बारकावे. डिबाउन्स पहिल्या किमतीलाही थांबवतो, म्हणजे स्क्रीन उघडल्यावर रिकाम्या शब्दाची यादी उगाच ३०० मिलिसेकंद उशिरा येते. डिबाउन्सचं लॅम्डा (छोटं निनावी फंक्शन) घेणारं रूप आहे, त्यात शब्द रिकामा असेल तर शून्य द्या. आणि डिबाउन्सनंतर डिस्टिंक्टअनटिलचेंज्ड ठेवा. स्टेटफ्लोवर थेट लावण्यात अर्थ नसतो, तो मुळातच तसा आहे. पण युजरने एक अक्षर टाइप करून लगेच खोडलं तर डिबाउन्समधून तोच शब्द पुन्हा बाहेर पडतो.

शून्यप्रहर:
सहमत. फक्त 'कॅन्सल करतो' याचा अर्थ लोक 'गळा दाबतो' असा घेतात. कोरूटीनचं कॅन्सल होणं सहकारावर चालतं. सस्पेंड होण्याच्या जागी ते तपासलं जातं. मध्येच ब्लॉकिंग कॉल असेल तर तो आपला पूर्ण होईपर्यंत डिस्पॅचर्स डॉट आयओचा (नेटवर्क-फाइलच्या कामांसाठी राखलेला) थ्रेड अडवून बसतो, फक्त त्याचं उत्तर पुढे जात नाही. लांबलचक लूप असेल तर मध्ये एन्शुअरअॅक्टिव्ह टाकावं लागतं. रेट्रोफिटची सस्पेंड फंक्शनं मात्र खालचा कॉलही रद्द करतात, तिथे काळजी नाही.

टिचकी:
बोरूबहाद्दर, शोधाचं कळलं. पण मग रिफ्रेश कुठे बसवू? शब्द तोच आहे, यादी मात्र नव्याने आणायची आहे. युनिटचा (एकच किंमत असलेला रिकामा प्रकार) स्टेटफ्लो ठेवून बघितला, तो ढिम्म हलत नाही.

अर्धविराम:
हलणार कसा, युनिट इज इक्वल टू युनिट. :)

दोन रस्ते आहेत. इंटचा स्टेटफ्लो ठेवा, रिफ्रेशला एकने वाढवा. शब्द आणि हा आकडा कम्बाइन करा, पुढे तोच फ्लॅटमॅपलेटेस्ट. डिबाउन्स फक्त शब्दाच्या फांदीवर, कम्बाइनच्या आधी, नाहीतर रिफ्रेशही रेंगाळेल. दुसरा रस्ता म्हणजे युनिटचा शेअर्डफ्लो (मुळात किंमत धरून न ठेवता ऐकणाऱ्यांना फक्त पोचवणारा), ज्याच्या ऑनस्टार्टमध्ये एक युनिट सोडावं लागतं, कारण कम्बाइन दोन्ही बाजूंनी एकेक किंमत आल्याशिवाय तोंड उघडत नाही.

मी आकडा वापरतो. कुणी तीनदा ओढलं आणि मधले दोन गाळले गेले तरी बिघडत नाही, रिफ्रेशला शेवटचाच पुरतो.

बोरूबहाद्दर:
आकडा मला कायम जुगाड वाटतो. 'रिफ्रेश किती वेळा झालं' हे कुणालाच नको असतं, तरी ते स्टेटमध्ये ठेवायचं.

अर्धविराम:
जुगाड आहे, पण हरवत नाही. शेअर्डफ्लो कोरा ठेवला, म्हणजे रीप्ले शून्य आणि जादा बफरही शून्य, तर त्यावर ट्रायएमिट (न थांबता किंमत पाठवायचा प्रयत्न) कधी यशस्वी होतं माहीत आहे? ऐकणारा कुणी नसेल तेव्हा! तेव्हा ते ट्रू परत देतं आणि किंमत हवेत विरते. ऐकणारा असेल तर फॉल्स. त्यामुळे एक्स्ट्राबफरकपॅसिटी एक द्यायला विसरायचं नाही, आणि हे विसरलेले कोड मी बरेच तपासले आहेत.

मिस्किलमांजर:
कुणी ऐकत नसताना बोलणं यशस्वी, ऐकायला कुणी आलं की अपयशी. ट्रायएमिटची आणि माझी ओळख जुनी दिसते.

रमतगमत:
वाचतेय. एक भर घालते, कारण हा बग आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये गेला होता आणि टेस्टरला पुन्हा दाखवता येत नव्हता.

तक्रार अशी की 'सर्च मध्येच मरतो, अॅप बंद करून उघडलं की चालतो'. रचना वर बोरूबहाद्दर यांनी सांगितली तशीच, पण कॅच ऑपरेटर फ्लॅटमॅपलेटेस्टच्या नंतर, बाहेर लावलेला. नेटवर्कची एक एक्सेप्शन आली, कॅचने पकडली, एररची स्टेट सोडली. स्क्रीनवर व्यवस्थित संदेश. पण कॅच लागला म्हणजे वरचा फ्लो संपला. त्यानंतर शब्दाचा स्टेटफ्लो बदलत राहतो, त्याला ऐकणारं कुणी उरत नाही. क्रॅश नाही, लॉग नाही, काही नाही. टेस्टरच्या टेबलावर नेट चांगलं असल्यामुळे त्याला दिसेना.

कॅच आत हवा, फ्लॅटमॅपलेटेस्टच्या कंसात, त्या एका शोधापुरता. मग तो शोध मरतो, साखळी जगते.

शून्यप्रहर:
आणि कॅचऐवजी आत रनकॅचिंग (कुठलीही एक्सेप्शन पकडून 'फेल्युअर' म्हणून परत देणारं फंक्शन) लावू नका. ते कॅन्सलेशनएक्सेप्शनसुद्धा गिळतं. म्हणजे फ्लॅटमॅपलेटेस्टने जुना शोध रद्द केला की तुमचा कोड त्याला 'फेल्युअर' समजून एररची तयारी करायला लागतो. फ्लोचा कॅच ऑपरेटर कॅन्सलेशनला हात लावत नाही. साधा ट्राय-कॅच लिहिलात तर कॅन्सलेशनएक्सेप्शन आधी पकडून पुन्हा फेका.

खटपट्या:
रनकॅचिंगवर प्रोजेक्टमध्ये लिंट (कोड आपोआप तपासणारं साधन) नियमानेच बंदी घातली आहे. भांडणं मिटली.

जुनाजाणता:
आमच्या आरएक्सच्या (अशाच कामाची आधीची लायब्ररी) काळात फ्लॅटमॅपलेटेस्टला स्विचमॅप म्हणत आणि असेच धागे निघत. नावं बदलली, खड्डे तेच. कोरूटीन ही कल्पनाही काही आजची नाही, मेल्विन कॉनवे यांचा निबंध 1963 चा. कोटलिनमध्ये कोरूटीन्स स्थिर झाल्या 2018 मध्ये 1.3 आवृत्तीबरोबर, फ्लो 2019 मध्ये, स्टेटफ्लो 2020 मध्ये. तोवर आम्ही लाइव्हडेटाला (अँड्रॉइडचा स्टेट धरणारा जुना प्रकार) सिंगललाइव्हइव्हेंटची ठिगळं लावत होतो.

पण टिचकी यांच्या 'सेव्ह'कडे कुणी लक्ष दिलेलं नाही आणि खरं नुकसान तिथे आहे. शोध आणि सेव्ह एका मापाने मोजू नका. शोध म्हणजे वाचन. मध्येच सोडलं, पुन्हा केलं, कुणाचं काही जात नाही. म्हणून फ्लॅटमॅपलेटेस्ट. सेव्ह म्हणजे लेखन. दुसऱ्यांदा दाबल्यावर तुम्ही पहिलं कॅन्सल केलंत, पण विनंती सर्व्हरपर्यंत पोचली असेल तर नोंद पडलेली आहे. मग दुसरी पाठवून दोन झाल्या. इथे उलट हवं: पहिलं चालू आहे तोवर दुसऱ्याकडे दुर्लक्ष. आरएक्सजेएसवाल्यांकडे त्याला एक्झॉस्टमॅप आहे, आपल्या फ्लोमध्ये तयार मिळत नाही. आणि गरजही नाही. व्ह्यूमॉडेलमध्ये 'सेव्ह करा' नावाचं साधं फंक्शन, त्यात आधीचा जॉब अॅक्टिव्ह असेल तर परत फिरा, नाहीतर व्ह्यूमॉडेलस्कोपमध्ये लाँच करा. स्टेटमधलं 'सेव्हिंग' हे फक्त गोल फिरणारं चक्र दाखवायला.

सर्व्हर तुमच्याच हातात असेल तर प्रत्येक सेव्हबरोबर एक वेगळी ओळख-की पाठवा आणि तीच की दुसऱ्यांदा आली तर सर्व्हरने जुनंच उत्तर द्यावं. बाकीचे उपाय फक्त शक्यता कमी करतात.

टिचकी:
पण 'सेव्हिंग' ट्रू असताना बटण डिसेबल केलं तर पुरत नाही का?

जुनाजाणता:
जवळपास पुरतं, आणि त्या 'जवळपास'मध्येच घोडं पेंड खातं. स्टेट लगेच बदलली तरी बटण डिसेबल दिसतं ते रिकम्पोझिशन (नव्या स्टेटवरून स्क्रीन पुन्हा काढणं) झाल्यावर. त्याच्या आत दुसरा टॅप घुसू शकतो. फंक्शनमधला पहारा त्याच क्षणी लागू होतो. दोन्ही टॅप मेन थ्रेडवरच येतात, त्यामुळे लॉकबिक काही लागत नाही. डिसेबल करा, पण ते युजरला कळावं म्हणून.

रमतगमत:
+१. आणि सेव्ह चालू असताना युजर मागे गेला तर? व्ह्यूमॉडेल क्लिअर झालं की व्ह्यूमॉडेलस्कोप रद्द, त्याबरोबर तुमचं सेव्हही.

जुनाजाणता:
चांगला मुद्दा. स्क्रीनपेक्षा जास्त जगायला हवं असं काम अॅपभर जगणाऱ्या स्कोपमध्ये लाँच करायचं. तो स्कोप बाहेरून इंजेक्ट करा, ग्लोबलस्कोप नको, टेस्टमध्ये बदलता येत नाही. प्रोसेस मेली तरी काम झालंच पाहिजे असं असेल तर वर्कमॅनेजर. पण साधा फॉर्म सेव्ह करायला वर्कमॅनेजर आणू नका, हे नेहमीच्या उत्साही मंडळींसाठी.

खटपट्या:
टोमणा पोचला.

दुपारचीझोप:
मध्येच एक शंका, धागा भरकटवायचा हेतू नाही. मी स्टेट बदलताना 'अपडेट'च्या (स्टेटफ्लोची किंमत बदलणारं फंक्शन) लॅम्डामध्येच लाँच करते. एकाच जागी सगळं राहतं. चालतं ना?

अर्धविराम:
नको! अपडेट आतून कम्पेअर-अँड-सेटचा लूप चालवतं. दरम्यान दुसऱ्या थ्रेडने किंमत बदलली तर तुमचा लॅम्डा पुन्हा चालतो. म्हणजे लाँचही पुन्हा. लॅम्डात फक्त जुन्या स्टेटवरून नवी कॉपी बनवा, बाकी सगळं बाहेर. आणि 'व्हॅल्यू बरोबर व्हॅल्यू डॉट कॉपी' असं थेट लिहिण्यापेक्षा अपडेटच वापरा, नाहीतर दोन थ्रेडमध्ये एकाचा बदल पुसला जातो.

दुपारचीझोप:
धन्यवाद, झोप उडाली.

मिस्किलमांजर:
आयडी बदला आता.

बोरूबहाद्दर:
स्टेटइनबद्दल कुणी विचारलं नाही, पण टिचकी यांना पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पडणार आहे, म्हणून आधीच लिहितो.

स्टेटइन फंक्शनच्या आत लिहू नका, व्हॅल म्हणून एकदाच ठेवा. फंक्शनमध्ये असेल तर प्रत्येक कॉलला नवा फ्लो, नवं शेअरिंग, आणि स्कोप संपेपर्यंत तो जिवंत. त्याच्या 'स्टार्टेड' या पॅरामीटरसाठी सगळे व्हाइलसबस्क्राइब्ड (कुणी ऐकत असेपर्यंतच चालू) पाच हजार मिलिसेकंद लिहितात. ते पाच सेकंद का, तर स्क्रीन फिरवली की जुना कलेक्टर जातो आणि नवा यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात वरचं काम बंद पडून पुन्हा सुरू होऊ नये म्हणून.

पण युजर दुसऱ्या अॅपमध्ये गेला आणि पाच सेकंदांनंतर परतला, की वरची साखळी पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे शोध पुन्हा नेटवर्कवर जातो. शेवटची यादी स्टेटइनने धरून ठेवलेली असते, ती जात नाही. पण तुमचा आतला फ्लो आधी 'लोडिंग' सोडत असेल तर यादी क्षणभर नाहीशी होऊन चक्र फिरताना दिसतं. आणि हे सगळं स्क्रीनने कलेक्टअॅजस्टेटविथलाइफसायकल वापरलं तरच. नुसतं कलेक्टअॅजस्टेट असेल तर अॅप मागे गेलं तरी कलेक्टर चालूच, पाच सेकंदांचा प्रश्नच येत नाही.

शून्यप्रहर:
परतल्यावर ताजी यादी मिळणं हे मला तरी फीचर वाटतं.

बोरूबहाद्दर:
बातम्यांच्या यादीत फीचर, अर्ध्यापर्यंत स्क्रोल केलेल्या यादीत शाप. म्हणून यादी लोकल डेटाबेसमधून वाहू द्यावी, नेटवर्कने फक्त डेटाबेस भरावा.

रमतगमत:
सेव्ह झाल्यावरचा 'नोंद झाली' हा स्नॅकबार कुठून सोडता? शेअर्डफ्लो, चॅनेल (प्रत्येक संदेश एकालाच देणारी रांग) की स्टेट?

खटपट्या:
चॅनेल, रिसीव्हअॅजफ्लो. कलेक्टर नसला तरी बफरमध्ये थांबतो.

अर्धविराम:
स्टेटमध्येच ठेवा, दाखवून झाल्यावर स्क्रीनने कळवावं आणि तो काढून टाकावा. चॅनेलमधून घेतलेला संदेश दाखवायच्या आत कलेक्टर रद्द झाला तर गेला तो.

खटपट्या:
एका स्नॅकबारसाठी दाखवल्याची पोचपावती?

अर्धविराम:
स्नॅकबार चुकला तर चालेल. 'पेमेंट झालं, पुढच्या स्क्रीनवर जा' हे चुकलं तर?

जुनाजाणता:
या विषयावर आधीच्या धाग्यात शंभरच्या वर प्रतिसाद झाले होते आणि कुणाचंच मत बदललं नव्हतं. वेगळा धागा काढा, इथे टिचकी यांना सोडा.

टिचकी:
सोडू नका, मी आहे. :) मोडतोड करून बघितली.

शब्द आणि रिफ्रेशचा आकडा हे दोन छोटे स्टेटफ्लो, त्यातून निकाल काढलेला, कॅच आत. सेव्ह साधं फंक्शन, जॉब चालू असेल तर परत. इनिट ब्लॉक पूर्ण गेला. सीनियरना दाखवलं. ते म्हणाले, 'मग एकच सत्य कुठे राहिलं?' मी म्हटलं, युजरने दिलेलं तेवढंच सत्य, बाकी त्यावरून काढलेलं. निकाल आपण हातानं लिहितच नाही, तर तो शब्दाशी विसंगत होणार कसा? ते विचार करतो म्हणाले आहेत.

सेव्हच्या वेळी टाइप करूनही आता एकच नोंद पडते. पण टेस्ट अडकली आहे. रनटेस्टमध्ये (कोरूटीनची टेस्ट चालवणारं फंक्शन) शब्द बदलते, अॅडव्हान्सअनटिलआयडल करते (म्हणजे बाकी कामं संपेपर्यंत टेस्टचं घड्याळ पुढे नेते), आणि निकालाची व्हॅल्यू बघते तर सुरुवातीची रिकामीच. अॅपमध्ये मात्र बरोबर चालतं.

बोरूबहाद्दर:
सीनियरना सांगा, त्यांचं तत्त्व चुकीचं नाही. त्यांनी फक्त 'सेव्ह करा' या आज्ञेलाही सत्य मानलं.

शून्यप्रहर:
टेस्टचं कारण वरच आलं आहे: व्हाइलसबस्क्राइब्ड. टेस्टमध्ये कुणी कलेक्ट करत नाही, म्हणून वरची साखळी सुरूच होत नाही. नुसती व्हॅल्यू वाचणं म्हणजे सबस्क्राइब करणं नव्हे. रनटेस्टच्या बॅकग्राउंडस्कोपमध्ये अनकन्फाइन्डटेस्टडिस्पॅचर देऊन एक रिकामा कलेक्ट लाँच करा आणि मग शब्द बदला. बॅकग्राउंडस्कोप टेस्ट संपल्यावर आपोआप रद्द होतो, त्यामुळे कधीच न संपणारा कलेक्ट टेस्ट लटकवत नाही. डिबाउन्सला खरा वेळ लागत नाही, तिथलं घड्याळ आभासी असतं. फक्त डिस्पॅचर्स डॉट सेटमेनमध्ये टेस्टचा डिस्पॅचर द्या, नाहीतर व्ह्यूमॉडेलस्कोपला मेन मिळणार नाही.

आणि 'लोडिंग, मग यादी' असा क्रम तपासायला जाऊ नका. बनावट रिपॉझिटरी तत्काळ उत्तर देत असेल तर लोडिंग गाळलं जातं आणि टेस्ट विनाकारण लाल होते. बनावट रिपॉझिटरीत एक डिले टाका, मग दिसेल.

टिचकी:
रिकामा कलेक्ट टाकला, शोधाची टेस्ट हिरवी झाली. सेव्हची अजून लाल आहे, पण तिथे कारण दिसतंय: दुसरा टॅप पाठवायच्या आधी मी अॅडव्हान्सअनटिलआयडल करते, म्हणजे पहिलं सेव्ह तोवर पूर्ण होऊन गेलेलं असतं. सेव्हमध्येही डिले टाकून, पहिल्यानंतर फक्त रनकरंट (घड्याळ न हलवता आत्ता तयार असलेलीच कामं चालवणारं) करून बघते.

शून्यप्रहर:
अगदी तेच करा. आणि बनावट रिपॉझिटरीला किती वेळा हाक मारली ते मोजा, स्टेट बघू नका. दोन नोंदी पडल्या तरी स्टेट शेवटी सारखीच दिसते.